टप नसलेली गाडी

मागच्या महिन्यात हे सदर चुकलं. दोन-तीन वाचक भगिनींनी संपादकांकडे विचारणा केली, त्यांचे आभार. पेपर तपासणीत अडकले होते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. ज्या गोष्टीवर लिहायचं मनात होतं तिच्यात माझीच चूक होती, आणि आपली चूक लिहायला हात लवकर उठत नाही.

सात रस्त्यापासून आत एका बोळात माझ्या थोरल्या भावाची, भाईजानची, डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. आधी ती अब्बांची होती. सात बाजूंनी येणारी वाहनं एकमेकांना घासतात म्हणून आपल्या घरात चूल पेटते, असं अब्बा गमतीनं म्हणायचे. माझं बीएड त्याच पैशांतून झालं. शाळेतल्या माझ्या उर्दूच्या आणि मराठीच्या वह्यांना रेड ऑक्साइडचा वास यायचा, म्हणून मैत्रिणी चिडवायच्या.

जानेवारीत त्या शेडवर एक गाडी टेम्पोतून उतरली. लालभडक, दोन दारांची, वरून उघडी. स्टँडर्ड हेरल्ड, १९६६ सालची. मालक आपल्याच शहरातले एक निवृत्त डॉक्टर. त्यांनी ती मुंबईकडच्या एका दलालाकडून ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून घेतली होती. भाईजानच्या शेडचं चार वर्षांचं भाडं निघेल एवढी किंमत मोजून. फेब्रुवारीत डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरा-नवरी या उघड्या गाडीतून निघावीत अशी त्यांची हौस. काम किरकोळ सांगितलं: डाव्या मडगार्डवरचे दोन पोचे काढायचे, सगळ्या गाडीला एक हात रंग मारायचा, तीन आठवड्यांत गाडी द्यायची. आगाऊ रक्कम चांगली दिली. ती दुसऱ्याच दिवशी माझ्या भाचीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीमध्ये गेली.

ज्या वाचकांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना हेरल्ड आठवत असेल. आपल्याकडे त्या काळात रस्त्यावर मुख्यतः तीनच मोटारी दिसायच्या. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्ड मूळची इंग्लंडची, ट्रायम्फ कंपनीची. तिची ठेवण जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढली. १९५९ मध्ये ती तिकडे विकायला आली आणि १९६१ पासून मद्रासला बनू लागली. ९४८ सीसीचं छोटं इंजिन, पण वळायला इतकी हलकी की २५ फुटांच्या घेरात फिरायची. सात रस्त्यावर रिक्षावाल्यांच्या नाकासमोरून अब्बा ती वळवून दाखवायचे, असं अम्मी सांगते.

या गाडीची खरी गंमत मात्र पत्र्यात आहे. त्या वेळी बहुतेक गाड्यांचा सांगाडा आणि पत्रा एकच अंग होऊ लागला होता. हेरल्डला मात्र खाली वेगळी चासी आहे आणि वरची बॉडी तुकड्या-तुकड्यांनी बोल्टने आवळलेली आहे. यामागे कल्पकतेपेक्षा अडचण जास्त होती. ट्रायम्फवाल्यांना बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसी कंपनीने विकत घेतला आणि पुढच्या गाडीसाठी बॉडी मिळेना. मग त्यांनी बॉडीचे असे भाग पाडले की ते वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांतून बनवून आणता येतील आणि शेवटी जोडता येतील. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच मोठा तुकडा, तो पुढच्या बाजूला उलटा उघडतो. दाराखालच्या पट्ट्या बोल्टच्या. आणि टपसुद्धा बोल्टचा! त्यामुळे तिकडे एकाच चासीवर बंद टपाची गाडी, कापडी टपाची कन्व्हर्टिबल, मागे सामानाची जागा असलेली इस्टेट, असे सगळे प्रकार निघाले.

एवढं लांबण लावण्याचं कारण पुढे कळेल.

अब्बांनी शिकवलेली पद्धत अशी की गाडी आली की आधी हत्यार हातात घ्यायचं नाही. त्यांचं वाक्य होतं, “आँख को नक्को पूछ, हाथ को पूछ.” डोळ्याला रंग दिसतो, हाताला पत्रा कळतो. तळहाताखाली पातळ फडकं ठेवून हात लांब फिरवायचा. उघड्या हाताला घाम असतो, तो अडखळतो. फडक्यावरून हात सरकतो आणि नखाएवढा उंचवटाही जाणवतो. मग बोटाच्या पेराने टिचकी मारायची. पत्रा असेल तर टण्ण वाजतं, लांबी असेल तर भद्द. (रंगारी ज्याला लांबी म्हणतात तीच गॅरेजातली पुट्टी.) शेवटी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लोखंड नाही, किंवा फार खोल आहे.

डॉक्टरांच्या गाडीवर चुंबक डाव्या मडगार्डवर हेडलाइटपासून चाकाच्या कमानीपर्यंत कुठेच चिकटेना. दाराच्या खालच्या कडेला चिकटेना. मागच्या सीटच्या पाठीमागे, पत्र्याच्या काठावर, ओळीने ठरावीक अंतरावर चिकटेना. भाईजान गप्प झाले. त्यांनी डॉक्टरांना फोन लावून एक वीतभर जागा खरवडायची परवानगी घेतली.

मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर अम्मीचं औषध द्यायला गेले होते. रिमूव्हर लावल्यावर लाल रंगाच्या पापडासारख्या पापुद्र्या उठल्या. त्याखाली पिवळट पुट्टी, काही ठिकाणी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी जाड. तिच्याखाली तारेची जाळी आणि जाळीच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. मास्तरणीची सवय, मी तो उलगडून वाचला. ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती होत्या. भाचा हसत सुटला. भाईजान हसले नाहीत, कारण बोळा काढल्यावर मडगार्डमधून त्यांना शेडची फरशी दिसत होती.

सीटमागची ती ओळ खरवडली तेव्हा खरा प्रकार उघड झाला. तिथे बोल्टची भोकं होती. एकाआड एक अंतरावर, दोन्ही बाजूंना सारखी, पुट्टीने बुजवलेली. समोरच्या काचेच्या चौकटीवरही तशीच. म्हणजे ही गाडी जन्माने कन्व्हर्टिबल नव्हतीच. कुणीतरी टपाचे बोल्ट काढले, टप भंगारात घातला, भोकं बुजवली, लाल रंग मारला आणि उघड्या गाडीची किंमत वसूल केली. खऱ्या कन्व्हर्टिबलमध्ये कापडी टपाचा सांगाडा असतो, तो दुमडून ठेवायला मागे जागा असते. इथे काहीच नव्हतं. पाऊस आला तर छत्री.

आरसी बुकात तर सरळच लिहिलेलं होतं: बॉडीचा प्रकार, सलून. (केस कापायचं नव्हे. बंद टपाच्या मोटारीला सलून म्हणतात.) डॉक्टरांनी आयुष्यभर इतरांचे रिपोर्ट बारकाईने वाचले असतील, पण हौसेची वस्तू घेताना माणूस कागद वाचत नाही.

डॉक्टर संध्याकाळी आले. पुट्टीचा ढिगारा पाहून आधी दलालावर चिडले, मग स्वतःवर. मग खुर्चीवर बसून पाणी प्याले आणि हळू आवाजात म्हणाले, “उस्ताद, जे झालं ते झालं. लग्न तोंडावर आहे. तुम्ही होतं तसं भरून वरून रंग मारून द्या. वरात होऊ दे. नंतर मी ती जशी घेतली तशीच कुणाला तरी देऊन टाकतो. मला तरी कुणी सांगितलं होतं?”

भाईजान म्हणाले, “डॉक्टरसाहेब, उद्या सांगतो.”

रात्री ते आमच्याकडे आले. आणि इथे माझी चूक आहे. मी म्हटलं, “भाईजान, तुम्ही कशाला एवढा विचार करता? पुट्टी तुम्ही भरली नव्हती, टप तुम्ही काढला नव्हता. गिऱ्हाईक सांगतंय तसं करून द्या. पुढे त्यांनी कुणाला काय सांगून विकायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. आगाऊ रक्कम फीमध्ये गेली आहे, परत मागितली तर आणाल कुठून?” मला तेव्हा हे अगदी व्यवहाराचं वाटलं. वर्गात मुलांना खरेपणावर निबंध लिहायला लावणारी बाई मीच.

भाईजान वाद घालत नाहीत. ते चहा प्याले आणि म्हणाले, “तुला ती जीप आठवते?”

मला अंधुक आठवत होती. आमच्या लहानपणी उघडी गाडी म्हणजे जीपच. अब्बांचा हात तिच्यावरच बसला होता. जीपचा पत्रा सरळ, घड्या काटकोनात, शिकाऊ पोरालाही जमेल असा. (या जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात करणाऱ्या कंपनीचं पहिलं नाव आपल्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ती ‘महिंद्र अँड मोहम्मद’. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं.)

तर अशाच एका जीपचा हौदा खालून सडला होता. मालकाने अब्बांना सांगितलं, विकायची आहे, वरवर नीट करून दे. अब्बांनी पुट्टी भरली, रंग मारला, पैसे घेतले. जीप एका शेतकऱ्याने घेतली. दोन महिन्यांनी तो शेतकरी शेडवर आला. त्याच्या पोराचा पाय हौद्याच्या पत्र्यातून आरपार गेला होता, पोटरीला टाके पडले होते. त्याने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. नुसता म्हणाला, “मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं का?” अब्बांनी ती जीप आठ दिवस ठेवून घेतली, खालचा सगळा पत्रा कापून नवा घातला आणि एक पैसा घेतला नाही. अम्मीला त्या महिन्यात किराणा उधार आणावा लागला, हे मला आत्ता कळलं. त्या दिवसापासून अब्बांनी एक वही सुरू केली. उर्दूत लिहायचे. कोणती गाडी, कुठला पत्रा नवा, कुठे किती लांबी, कुठला गंज तसाच सोडला. गाडी देताना मालकाला वाचून दाखवायचे.

भाईजान म्हणाले, “अब्बांनीही तेव्हा हेच म्हटलं असेल. मी कुठं विकतोय?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रेषित मुहम्मद (स.) एका धान्य विक्रेत्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते आणि ते विचारतात की भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. हा प्रसंग मी दरवर्षी मुलांना सांगते. विकत घेतलेल्या वस्तूत लपवलेला ऐब निघाला तर ती परत करण्याचा हक्क खरेदीदाराला असतो, त्याला फिक्हमध्ये स्वतंत्र नाव आहे, ‘खियार-ए-ऐब’, हेही मला पाठ आहे. पण त्या गोष्टीत ढिगावर कोरडं धान्य पसरून देणारा मजूर मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाईजाननी डॉक्टरांना सांगितलं: वरातीपुरतं भरून देतो, पण बिलावर सगळं लिहीन. कुठे जाळी आहे, कुठे भोकं आहेत, टप मूळचा होता. फोटो जोडीन. पुढे गाडी विकाल तेव्हा तो कागद गाडीबरोबर जाईल एवढं करा. डॉक्टरांना राग आला. “तुम्ही डेंटर आहात की वकील?” असं काहीसं बोलून ते गेले. गाडी शेडमध्येच राहिली. लग्न भाड्याच्या बंद गाडीतून झालं. आम्हाला पत्रिका आली होती, पण आम्ही गेलो नाही. भाभी आगाऊ रकमेच्या काळजीत होत्या आणि त्यांच्याशी नजर मिळवताना मलाच संकोच वाटत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर स्वतः आले. जावयाला जुन्या गाड्यांचा नाद आहे म्हणे. त्याने सगळं ऐकल्यावर सासऱ्यांना विचारलं की असा डेंटर सापडलाय तर गाडी विकता कशाला, करून का घेत नाही? डॉक्टर माफीबिफी काही म्हणाले नाहीत. “उस्ताद, पत्र्यात करा, वेळ लागू दे,” एवढंच. आमच्यासाठी ते पुष्कळ होतं.

पत्र्यात करायचं म्हणजे काय, ते मी या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी पाहिलं, लहानपणी कधी पाहिलं नव्हतं इतक्या लक्षपूर्वक.

पहिल्यांदा गाडी चारी बाजूंनी सारख्या उंचीवर टेकवली आणि दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे टाकून तात्पुरते जोडले. टप पुढच्या आणि मागच्या खांबांना बांधून ठेवतो, तो गेला की बॉडी खड्ड्यागणिक थोडी-थोडी उघडते-मिटते. या गाडीची दारं खालून हात देऊन उचलल्याशिवाय लागत नव्हती. हेरल्डला वेगळी चासी असल्यामुळे ती निदान मधून वाकली नाही. आजच्या मोटारींना वेगळी चासी नसते, टप हाच त्यांच्या ताकदीचा भाग असतो. इन्स्टाग्रामवर पाहून जुन्या मारुतीचा टप कटरने उडवणाऱ्या पोरांच्या आईबापांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मग बोल्ट. एकेक तुकडा सुटा करताना त्याचे बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. भाभींचे लोणच्याचे सगळे रिकामे डबे त्यात गेले. गंजून बसलेल्या बोल्टला जोर लावायचा नाही, दोन दिवस तेल पाजत ठेवायचं.

रंग पूर्ण उतरवल्यावर सडका भाग कापला. गंज दिसतो त्याच्या रेषेवर कापून चालत नाही, घट्ट चांगला पत्रा लागेपर्यंत मागे यावं लागतं. नाहीतर नवा तुकडा कुजलेल्या कडेला जोडला जातो आणि दोन पावसाळ्यांत शेजारून फुटतो. भाईजान म्हणतात, सोलापूरच्या कोरड्या हवेतली गाडी एवढी सडत नाही, ही समुद्राकाठी राहिलेली आहे.

डावं मडगार्ड गेलेलं, पण उजवं बरं होतं. त्याच्यावर कागद ठेवून माप घ्यायचं, कागद उलटा केला की डाव्याचा साचा. मोठा कडक कागद मिळेना म्हणून मी शाळेतला एक जुना तक्ता दिला. तर डॉक्टरांच्या गाडीच्या चाकाची कमान विरामचिन्हांच्या तक्त्यावरून कापली गेली आहे, स्वल्पविराम ते उद्गारचिन्ह.

पत्रा २० गेजचा, म्हणजे मिलिमीटरला जरा कमी. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून त्याला पोट आणायचं, मग आतून डॉली धरून बाहेरून हलक्या हातोडीने गुळगुळीत करायचा. जोडताना सलग वेल्डिंग केलं तर पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो, म्हणून एक टाका इथे, पुढचा तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. हे पाहताना मला अम्मीचं गोधडी शिवणं आठवलं. तीही आधी चारी कोपऱ्यांना टाके घालून घ्यायची.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे ताणलेला पत्रा. आधीच्या कुणीतरी पोचा काढताना इतका ठोकला होता की पत्रा वाढून फुगला होता. अंगठ्याने दाबला की आत जाई, सोडला की टक्कन बाहेर. असा पत्रा आणखी ठोकून बसत नाही, उलट वाढतो. भाईजाननी गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढी जागा लाल केली, भोवतीने चार हलके ठोके दिले आणि ओलं फडकं लावलं. चर्र आवाज झाला आणि पत्रा आखडला. मग दुसरी जागा. एका संध्याकाळी असे अकरा ठिपके मी मोजले. भाचा दहावीला गणितात दोनदा नापास झालेला आहे. कुठल्या ठिपक्यानंतर थांबायचं हे त्याला बापाच्या आधी कळलं. मी त्याच्यावर किती वर्षं किती बोलले आहे, ते इथे लिहीत नाही.

शेवटी जिथे जोड दिसतो तिथे अब्बांच्या काळी रांगा भरत, म्हणजे शिसं आणि कथील यांचा मिश्र धातू वितळवून लाकडी पट्टीने लोण्यासारखा पसरवत. बोलीत आपण म्हणतो ना, कलई खुली, मुलामा उतरला, हे सगळे शब्द याच धंद्याच्या शेजारपाजारचे. रांगा पत्र्याला धरून राहतो, पण शिशाची भुकटी विषारी. म्हणून तो कानशीने घासायचा, कागदाने घासून धूळ करायची नाही. भाईजान आता शिसं वापरत नाहीत. जोडावर पातळ पुट्टी लावतात, कागदाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, आणि ती वहीत लिहितात. पुट्टी वाईट नाही. ती पत्र्याच्या जागी बसवली की वाईट.

इथे घरच्या बायकांसाठी एक सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी रंगकाम करत असेल तर त्याचे कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. आणि हार्डनर घालून मारायचे जे आजचे रंग आहेत, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काही कामाचा नाही, डबीवाला मास्कच लागतो. आमचे अब्बा ड्युकोच्या जमान्यात नाकाला पंचा बांधून रंग मारत आणि रात्रभर खोकत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. भाईजानना मास्क मी आणून दिला आहे. घालतात की नाही ते पाहायला मध्येच न सांगता शेडवर जाते.

आता मडगार्ड, दाराच्या कडा आणि खालच्या पट्ट्या झाल्या. बॉडी आणि चासीच्या मधल्या पत्त्या कमी-जास्त करून दारांच्या फटीही जुळल्या. दार आता एका बोटाने लागतं, खट्ट. रेड ऑक्साइड मारून गाडी उभी आहे. शेवटचा रंग पहाटे मारतील, कारण उन्हं चढली की सोलापुरात थिनर हवेतच सुकतो आणि पत्र्यावर नुसती भुकटी बसते.

अडलंय ते टपापाशी. डॉक्टरांच्या जावयाने कायदा वाचून काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात उत्पादकाने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. शिवाय जुलै २०२१ पासून ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. तेव्हा उघड्या गाडीची हौस डॉक्टरांनी सोडली आहे. “निदान माझ्या हयातीत ती खोटं बोलायला नको,” असं परवा म्हणाले आणि स्वतःच हसले.

भाईजाननी ती भोकं बुजवलेली नाहीत. पुट्टी काढून, साफ करून, कडांना रंग लावून मोकळी ठेवली आहेत. कारखाना कधीच बंद झाला, नवा टप मिळणं नाही. सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलं आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या मळ्यात, गोठ्यावर, बोअरच्या मोटारीवर झाकण म्हणून दोन दारांच्या जुन्या हेरल्डचा टप पालथा पडलेला असेल तर या मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे कळवावं. चार दारांच्या गाडीचा चालणार नाही. गंजलेला असला तरी चालेल, पण कुठे किती गंज आहे ते पत्रात लिहा.